गरोदरपणात कोविडची लस : भीती आणि वस्तुस्थिती

या पानावर आपण एरवी बियाणे, खते आणि कीड-रोगांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. पण तो एका शेतीशाळेतच निघाला, म्हणून लिहितो.

हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून चहा चालला होता. एक आजी म्हणाल्या, "साहेब, आमच्या सूनबाईनं पोटुशी असताना करोनाची सुई घेतली व्हती. नातू आता चार वर्साचा हाय. ती लस वाईट निघाली म्हणत्यात. पोराला पुढं काय व्हईल का? आता धाकट्या सुनंला दिवस गेल्यात. तिला कुठलीच सुई टोचू द्यायची न्हाई, असं ठरवलंय आमी."

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे एक मूळ आपल्या गोठ्यात आहे. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिसची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना देतात. गाभण जनावराला देत नाहीत, कारण त्या लशीत अशक्त केलेले पण जिवंत जंतू असतात आणि त्यांनी गाभ पडू शकतो. माणसांतही गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणी टाळतात.

पण सगळ्या लशी एका जातीच्या नसतात. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोविशिल्डमध्ये सर्दीच्या जातीचा एक विषाणू वापरला आहे. तो शरीरात वाढू शकणार नाही, असा बदल त्यात केलेला असतो. म्हणजे दोन्ही लशींपासून आईला किंवा पोटातल्या बाळाला कोविड होऊ शकत नाही.

मग सुरुवातीला गरोदर महिलांना लस का दिली नाही? १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा त्यांच्यावर चाचण्या झालेल्या नव्हत्या, म्हणून त्यांना वगळले. पुढे दुसरी लाट आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये गरोदर व बाळंतिणींची पाहणी जाहीर केली. लक्षणे दिसणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या लाटेत १४.२ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के झाले. मृत्यूचे प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेले. त्यानंतर २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने गरोदर महिलांना लस घेण्यास परवानगी दिली.

त्या वेळी माझ्या पत्नीला पाचवा महिना होता. आईचा साफ विरोध. "तुझ्या वेळी कुठं होती असली लस?" हा तिचा सवाल. मी मात्र कामासाठी रोज गावोगाव फिरत होतो. रोग घरात आणला तर मीच आणणार, हे मला कळत होते. आम्ही आईला बरोबर घेऊनच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "धोका दोन्हीकडे तोलून बघा. रोगाचं पारडं जड आहे." पत्नीने लस घेतली. एक रात्र अंग कणकणले, दंड दुखला. नोव्हेंबरात मुलगी झाली, ती ठणठणीत आहे.

अर्थात, एका वाफ्यावरून वाणाची शिफारस होत नसते. त्यासाठी मोठी पाहणी लागते. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक गरोदर महिलांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. लशी तिकडच्या, फायझर आणि मॉडर्नाच्या होत्या; पण गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे एरवीपेक्षा वाढलेली दिसली नाहीत. शिवाय लस घेतलेल्या आईकडून रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये नाळेतून बाळापर्यंत पोचतात, हेही तपासणीत आढळले आहे.

२०२४ मध्ये कोविशिल्डविषयी ज्या बातम्या आल्या, त्या रक्तात गुठळ्या होण्याच्या होत्या. हा दुष्परिणाम खरा आहे; पण अतिशय विरळ आहे, आणि तो लस घेतल्यानंतर काही आठवड्यांतच दिसतो. २०२१ मध्ये लस घेतलेल्या मातेने आज त्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

आता गावोगाव कोविड लसीकरणाची मोहीम नाही. पण त्या वेळची भीती मागे राहिली आहे आणि ती दुसऱ्याच लशीवर उलटते आहे. गरोदरपणातले धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन, म्हणजे टीडी, चुकवू नये. ही लस जिवंत जंतूंची नाही. पहिला डोस गरोदरपण कळताच आणि दुसरा चार आठवड्यांनी घ्यावा. मागील तीन वर्षांत गरोदरपणी डोस झाले असतील तर एक बूस्टर पुरतो. धनुर्वात बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंना विनंती आहे की, ग्रामसभेत हा विषय पाच मिनिटे तरी घ्यावा. नर्सबाईंना बोलवावे आणि सुनांबरोबर सासवांनाही बसवावे, कारण घरातला निर्णय बहुधा त्यांचाच असतो.

आजींना मी शेवटी एवढेच म्हणालो, "नातवाची काळजी सोडा. धाकट्या सूनबाईंना घेऊन उपकेंद्रात जा, आणि मनातला प्रश्न नर्सबाईंना तोंडावर विचारा." त्या म्हणाल्या, "जाते. पर मी सोबत आत बसणार." जरूर बसावे.