नम्रतेची मशागत



चिक्कडपल्लीत आज नांगर दिसत नाही. दुकाने, घरे आणि बसगाड्यांची वर्दळ यांनी सारा भाग भरून गेला आहे. पण तेलुगू भाषेत वालाच्या शेंगेला चिक्कुडू म्हणतात, आणि पल्ली म्हणजे गाव. त्यामुळे या वस्तीचे नाव लोक वालाच्या मळ्यांशी जोडतात. आपली शेती गावाकडे असली, तरी वालाचा वेल आपल्याला परका नाही.

वालाचे रोप हळूच उपटून मुळे पाहिली, तर त्यांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र धरतात व पिकाला देतात. शेंगा खुडल्यावर वेल आणि मुळे रानातच गाडली, तर पुढच्या ज्वारीला त्याचा लाभ मिळतो. बाजारात शेंगेला भाव मिळतो, मुळावरच्या गाठीला कोणी विचारत नाही. तरी जमिनीचा कस राखण्याचे काम तीच करते.

लॅटिन भाषेत मातीला ‘ह्युमुस’ म्हणतात आणि नम्रतेला ‘ह्युमिलितास’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. नम्र माणूस म्हणजे जमिनीला धरून असलेला माणूस. पुष्कळदा आपण मान खाली घालून हळू बोलण्याला किंवा चारचौघांत स्वतःला नालायक म्हणवून घेण्याला नम्रता समजतो. तसे बोलणे सोपे आहे. आपल्याजवळ जे आहे ते कोणाकोणाच्या हातून आले, हे ओळखणे आणि त्याप्रमाणे वागणे, ही ख्रिस्ताने शिकवलेली नम्रता होय. ती शेतात आणि घरात कशी दिसते, याचा आज थोडा विचार करू.

विहिरीचे पाणी कोणाचे?

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. ते १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये अनेक वर्षे काम केले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने कोरड्या विहिरी पाहिल्या. पाणी मुरण्याची सोय नसेल, तर विहीर कितीही खोल नेली तरी भागत नाही, हे तेव्हा सर्वांना दिसले. पुढे पाणलोट विकासाचे जे मोठे काम महाराष्ट्रात उभे राहिले, त्याच्या प्रमुख प्रवर्तकांत फादर बाखर होते. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. २०२१ साली ते प्रभूघरी गेले.

या कामाचा नियम असा की सुरुवात माथ्यावरून करायची आणि मग पायथ्याकडे यायचे. आधी डोंगरावर समतल चर खणायचे, झाडे लावायची, मग उतारावर बांध घालायचे आणि शेवटी ओढ्यावर बंधारे बांधायचे. वरून धावत येणारे पाणी आधी अडवले नाही, तर खालचा बंधारा गाळाने भरतो.

आता हे पाहा. माथ्यावरची जमीन बहुधा मुरमाड असते. तिथे गरिबाची पट्टी असते, किंवा शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांचे कुरण असते. काळी जमीन आणि विहिरी पायथ्याला असतात. माथ्यावर काम सुरू झाले की चराईबंदी करावी लागते. म्हणजे त्याग आधी मेंढपाळाला करावा लागतो आणि पाणी मात्र खालच्या बागायतदाराच्या विहिरीला येते. अशा वेळी विहिरीचा मालक कसा वागतो, यावर गावाची एकी टिकते. ‘माझी विहीर, माझे पाणी’ असे तो म्हणाला, तर वरचा माणूस चरात पुन्हा मेंढरे घालील, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? पण आपले पाणी वरच्या भावाच्या त्यागातून आले आहे, हे विहिरीवाल्याने ओळखले, तर तो त्याला चारा देईल, मजुरी देईल आणि त्याच्या जमिनीवरही फावडे घेऊन उभा राहील.

म्हणूनच या कार्यक्रमांत श्रमदानाची अट घातलेली असे. पाटलाच्या घरानेही हात लावायचा. आणखी एक चांगली पद्धत होती. कागदावरचा आराखडा वरून लादला जात नसे. तंत्रज्ञ शेतकरी नवरा-बायकोबरोबर त्यांच्या शेतात फिरे आणि बांध कुठे, झाड कुठे, हे तिघे मिळून ठरवत. पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून फुटते, हे त्या बाईला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. शिकलेल्या माणसाने तिच्या मागून चालावे, ही फार मोठी नम्रता आहे, आणि त्यामुळे बांधही योग्य जागी पडतो.

पाय धुणे

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने अंगरखा काढला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी ते दासाचे काम होते. आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी त्याचे स्मरण करतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला आणि तेथील तरुण कैद्यांचे पाय धुतले.

हा विधी आपल्या घरात रोज करण्याची गरज आहे, आणि तीही आरोग्यासाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. हा रोग आता खेड्यांतही पोचला आहे. मधुमेह जुना झाला की पाय बधिर होतात. शेतात काटा रुततो, चप्पल घासते, पण दुखत नाही, म्हणून कळत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापण्याची पाळी येते. म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा पाहता येत नाही. तो घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पाहिला पाहिजे.

घरात मधुमेही आई-वडील, सासू-सासरे असतील, तर रोज संध्याकाळी एवढे करावे. कोमट पाण्याने त्यांचे पाय धुवावेत. पाणी किती गरम आहे हे आधी आपल्या कोपराने पाहावे, कारण त्यांच्या पायांना चटका कळणार नाही. पाय फार वेळ भिजवत ठेवू नयेत. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या कराव्यात. उजेडात तळवे नीट पाहावेत. भेग, फोड, लाली, सूज किंवा काटा दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. टाचांना तेल लावावे, पण बेचक्यांत लावू नये. कुरूप घरी ब्लेडने कापू नये. शेतात किंवा अंगणात अनवाणी फिरू देऊ नये.

हे काम केवळ सुनेचे नव्हे. मुलाने आणि नातवानेही पाय धुवावेत. आणि ज्येष्ठांनो, आपल्याशीही एक शब्द बोलतो. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र प्रथम ‘नको’ म्हणाला. सेवा करणे जसे कठीण, तसेच सेवा घेणेही कठीण असते. दुसऱ्यापुढे पाय करताना संकोच वाटतो. तो संकोच सोडणे हीसुद्धा नम्रताच आहे.

नम्रता म्हणजे लाचारी नव्हे

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्यात तेलंगणात ‘वेट्टी’ म्हणजे वेठबिगारीची चाल होती. देशमुखाच्या दारात गरिबाने फुकट राबायचे आणि मान वर करायची नाही. जातीच्या नावाने असे वाकवणे आपल्या सर्वच भागांत झाले. त्या वाकण्याला कोणी नम्रता म्हणू नये. तो अन्याय होता. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली.

प्रभू येशू भोजनावरून स्वतः उठला. आपण पित्याकडून आलो आहोत हे जाणून त्याने रुमाल बांधला. त्याला कोणी वाकवले नव्हते. आणि त्याच रात्री प्रमुख याजकासमोर एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा त्याने उलट मारले नाही, पण गप्पही बसला नाही. मला का मारलेस, असे त्याने विचारले. नम्र माणूस अन्यायाचा जाब विचारू शकतो.

२०२२ साली हैदराबादचे महागुरू अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल. लहानपणी गरिबीमुळे त्यांचे शिक्षण थांबले होते आणि मिशनऱ्यांच्या मदतीने ते पुन्हा सुरू झाले. ज्या समाजाला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले, त्यातला पुत्र ख्रिस्तसभेच्या वरच्या आसनावर बसला, याचा आपल्याला आनंद आहे. पण आपल्या धर्मग्रामात मिस्सेनंतर सर्वजण एकमेकांच्या घरचे पाणी पितात का? लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो? उत्तर ज्याचे त्याने प्रामाणिकपणे द्यावे. वरच्या समजल्या जाणाऱ्याला नम्रता शिकायची आहे, तर खाली ढकललेल्याला ताठ उभे राहायचे आहे. एकाच शुभवर्तमानातून दोघांनाही बळ मिळते.

या आठवड्यात आपण एवढे करू या. घरातील एका वडीलधाऱ्या माणसाचे पाय धुऊन तळवे पाहू. आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुराला एकदा विचारू की या रानाबद्दल त्याला काय वाटते, आणि तो बोलत असताना मध्ये बोलणार नाही. त्याची मजुरी त्याने मागण्याआधी देऊ. ज्याच्या बांधावरून आपले पाणी येते, त्याला घरी बोलावून आपल्या ताटाशेजारी त्याचे ताट मांडू.

शिष्यांचे पाय धुणारा प्रभू आपल्या घरांना आणि शेतांना आशीर्वाद देवो.