फटफटी आणि तिचे स्वार : शहापूर व मुरबाडकडील एक दर्शन

मोटारसायकलीच्या इतिहासांतील पहिला अपघात तिच्या अगदीं आरंभींच्या सफरींत घडला असें सांगतात. १८८५ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील कान्श्टाट या गांवीं गोटलीप डाइमलर याच्या लांकडी स्वयंचलित गाडीवर त्याचा तरुण मुलगा पाउल स्वार झाला आणि ती शेजारच्या उंटरट्युर्कहाइम गांवापर्यंत हांकीत घेऊन गेला. वाटेंत बैठकीनेंच पेट घेतला ! इंधन पेटविणारी तापलेली नळी नेमकी बैठकीच्या खालीं बसविलेली होती. पुढें बसणारा मनुष्य आणि पेटणारें इंधन यांच्यामध्यें पुरेसें अंतर ठेवण्याची कला कारखानदारांस साधली. परंतु फटफटी आणि फजिती यांचा त्या दिवशीं जडलेला ऋणानुबंध कांहीं सुटला नाहीं. तो कसा टिकून आहे हें पाहण्यास जर्मनीस जावयास नको. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पावसाळ्याचा एखादा दिवस घालविला तरी पुरे.

शहापूर हें मुंबई-आग्रा मार्गावरचें गांव. त्याचें रेल्वे स्थानक आसनगांव, तें गांवापासून सुमारें ३ किलोमीटर दूर. मुरबाड हें कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर. तेथें आगगाडी आजतागायत पोंचलेली नाहीं. दोहोंकडे वस्ती विखुरलेली, पाडे डोंगराच्या कुशींत, आणि एस. टी. ची गाडी चुकली म्हणजे पुढचा बेत मोडलाच असें समजावें. अशा मुलखांत मोटारसायकल ही चैनीची वस्तु राहत नाहीं. बैलजोडीप्रमाणें तीहि घरच्या कर्त्या मंडळींत गणली जाते. पहांटे किन्हवली-डोळखांबकडील नोकरदार तिच्यावर बसून आसनगांव गांठतात आणि स्थानकाबाहेर ती उभी करून मुंबईची लोकल पकडतात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारा कामगार, दोहों बाजूंस किटल्या अडकविलेला दूधवाला, भेंडीच्या गोण्या बांधलेला शेतकरी आणि दूरच्या पाड्यावरील शाळेंत शिकविणारा मास्तर हे सारे तिचेच स्वार. दसऱ्याच्या दिवशीं तिला झेंडूची माळ पडते आणि चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, यांत नवल तें काय ?

परंतु गरज कोठें संपते आणि शौक कोठें सुरू होतो हें येथें नेमकें सांगतां येत नाहीं. ज्याच्या गाडीवर सकाळीं दूध जातें तोच रविवारीं ती ओढ्यावर नेऊन रॉकेलच्या फडक्यानें पुसून काढतो, टाकीवर कुलदैवताचें नांव रंगवून घेतो आणि चार मित्र जमले कीं बुलेटचा आवाज कोणत्या सालापर्यंत खरा होता या विषयावर तासभर वाद घालतो. या वादाला इतिहासाचा आधार आहे. बुलेट मद्रासेस जुळूं लागली ती १९५५ सालीं. म्हैसुरास जावा तयार होऊं लागली १९६१ मध्यें, आणि तीच पुढें येझदी म्हणून प्रसिद्ध झाली. नंतर राजदूत आली. तिचा सांगाडा दणकट असल्यामुळें दूधवाल्यांनीं ती आपलीशी केली. १९८५ सालीं जपानी सहकार्यानें हीरो होंडाची सी. डी. १०० आणि यामाहाची आर. एक्स. १०० अशा दोन हलक्या गाड्या निघाल्या. एकीनें थोड्या पेट्रोलांत लांब जाण्याची संवय लाविली, दुसरीनें वेगाची. दुसरी संवय अधिक लवकर लागली, हें सांगावयास नकोच.

जुन्या गाड्यांच्या फजितीची तऱ्हाच निराळी होती. दोन फेऱ्यांच्या इंजिनांत पेट्रोलाबरोबर तेल मिसळावें लागे; तेल कमी पडलें तर दट्ट्या अडके, अधिक झालें तर प्लग काजळून ठिणगी मरे. त्यामुळें प्लगचा पाना आणि पॉलिशकागदाचा तुकडा खिशांत बाळगल्यावांचून शहाणा स्वार घराबाहेर पडत नसे. क्लचची तार तुटण्यासारखी झाली आहे असें वाटलें तर तिच्या शेजारूनच दुसरी तार आधीं ओवून ठेवीत, म्हणजे रानांत पहिली तुटतांच दुसरी जोडण्यास पांच मिनिटें पुरत. साखळी सुटे, कार्ब्युरेटरांत कचरा अडके, पाऊस लागला कीं विजेच्या तारा भिजून इंजिन मूग गिळून बसे. मग स्वार झाडाखालीं उकिडवा बसून, तोंडानें नळी फुंकून, गाडीचें मन वळवी. या साऱ्या प्रकारांत त्रास पुष्कळ होता. पण गाडी थांबे ती सावकाश, आणि मनुष्य घरीं पोंचे तो उशिरां कां होईना, धडधाकट.

आतां ही परिस्थिति पालटली आहे. एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला. पेट्रोल किती सोडावयाचें हें एक लहानसें विद्युत्-यंत्र ठरवूं लागलें. अशी गाडी थंडींत पहिल्याच कळीला सुरू होते आणि सहसा अडत नाहीं. मात्र ती अडलीच, तर सरळगांवच्या नाक्यावरील मेस्त्रीचा तीस वर्षांचा अनुभव तिच्यापुढें हतबल होतो. तिला टेंपोंत घालून कल्याणला न्यावें लागतें. हा तोटा लहान आहे. मोठा तोटा असा कीं, गाडीवरचा विश्वास वाढला त्या मानानें रस्त्यावरचा अविश्वास वाढला नाहीं. यंत्र सुधारलें, पण पहिल्या पावसांतली सडक जशी होती तशीच आहे.

ती सडक कशी असते हें नीट पाहिलें पाहिजे. उन्हाळाभर डांबरावर तेलाचे थेंब, रबराची पूड आणि धूळ बसत असते. मृगाची पहिली सर येते तेव्हां हें सारें वर तरंगतें आणि त्याचा एक पातळ बुळबुळीत थर होतो. धो धो पाऊस झाल्यावर तो वाहून जातो. म्हणून मुसळधार पावसापेक्षां पहिली रिमझिम अधिक घातक. पुढें लावणीचे दिवस येतात आणि शेतांतून निघालेले ट्रॅक्टर चाकांस लागलेला चिखल सडकेवर सांडीत जातात. वळणावर असा चिखल अकस्मात् पुढें आला कीं स्वाराचा पाय आपोआप मागच्या ब्रेकवर पडतो. येथेंच घात होतो. ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढें झुकतो आणि मागचें चाक हलकें होतें. हलकें झालेलें चाक चटकन् जखडतें, आणि जखडलेलें चाक फिरत नाहीं, घसरतें. थांबविण्याची खरी ताकद पुढच्या चाकांत असते. पण गांवोगांवीं 'पुढचा ब्रेक दाबला कीं मनुष्य डोक्यावरून पडतो' ही समजूत इतकी दृढ आहे कीं पुष्कळांचा पुढचा ब्रेक वर्षानुवर्षें नवाच राहतो. चाक जखडूं न देणारी योजना, जिला ए. बी. एस. म्हणतात, ती १२५ घनसेंटिमीटरपेक्षां मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना २०१८-१९ सालीं सक्तीची झाली. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची साधी योजना चालेल असें ठरलें. दूध, भाजी आणि तिघां-चौघांचें कुटुंब वाहणाऱ्या गाड्या बहुतेक याच लहान वर्गांतल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नियम करणाऱ्यांनीं कोणत्या रस्त्याकडे पाहून तो केला असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

दुसरें संकट पाण्याचें. शहापूरहून मुरबाडकडे निघालें कीं सापगांवजवळ भातसा नदी लागते. कल्याणहून मुरबाडास यावयाचें तर रायत्याचा उल्हासवरील पूल ओलांडावा लागतो. २०१९ च्या जुलैंत याच उल्हास नदीच्या महापुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकून पडली होती. आगगाडीची ही गत, तर दीडशें किलोंच्या फटफटीची काय कथा ! तथापि लहान ओढ्याच्या मोरीवरून गुडघाभर पाणी वाहत असतां 'पलीकडे घर दिसतें आहे' या एका आशेवर गाड्या घातल्या जातात. वाहतें पाणी चाकाला आडवें ढकलतें, हा एक धोका. दुसरा इंजिनाचा. हवा ओढण्याचा मार्ग बहुधा बैठकीखालीं असतो. तेथपर्यंत पाणी चढलें तर तें हवेबरोबर नळकांड्यांत शिरतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येऊन त्यावर आदळतो आणि त्याची पोलादी दांडी वांकते. म्हणून पाण्यांत बंद पडलेल्या गाडीला तेथेंच किक मारणें हा मोठा अविचार होय. ती ढकलीत कांठास आणावी, प्लग काढावा आणि मग किक मारून आंतील पाणी पिचकारीसारखें बाहेर उडवून द्यावें. हें ज्ञान मुरबाडकडच्या पोरासोरांस असतें. शहरांतून आलेल्यांस बहुधा नसतें.

कारण रविवारीं येथें स्वारांची दुसरी जात अवतरते. मुंबई, ठाणें, डोंबिवली येथील शौकीन मंडळी पहांटे निघून टोंकावड्यावरून माळशेजकडे, अगर वैशाखऱ्याहून नाणेघाट चढण्यास येतात. अंगांत जाडीं जाकिटें, हातांत मोजे, डोक्याला उंची शिरस्त्राण, आणि गाडीची किंमत येथल्या एखाद्या घराएवढी. त्यांची तयारी हंसण्यासारखी मुळींच नाहीं. शिरस्त्राणाची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांतच आहे. येथला रहिवासी मात्र तें कोपरांत अडकवून हिंडतो आणि पोलिस दिसला कीं डोक्यावर चढवितो. उलट माळशेजच्या धुक्यांत दिव्याचा झोत उंच ठेवला तर समोर पांढरी भिंत उभी राहते व झोत खालीं घेतला कीं रस्त्याची कड दिसूं लागते, ही गोष्ट त्या रहिवाशाला ठाऊक असते आणि पाहुण्याला नसते. धबधब्यांवर गर्दी होऊन दुर्घटना घडूं लागल्यामुळें पावसाळ्यांत अशा ठिकाणीं जाण्यास जिल्हाधिकाऱ्यांनीं मनाई करण्याचे प्रसंगहि आले आहेत. पौषांत म्हशाची जत्रा भरते तेव्हां धोका आणखी निराळा : रात्रीं बाजाराकडे चाललेल्या बैलांच्या पाठीमागें तांबडा दिवा नसतो.

या दोन जातींची खरी भेट होते ती पंक्चरवाल्याच्या दुकानीं. मोठ्या गाड्यांपैकीं ज्यांचीं चाकें तारांचीं असतात त्यांत बहुधा ट्यूब असते. तेव्हां पंक्चर काढण्यास चाकच सोडवावें लागतें, आणि दोनशें किलोंची गाडी लांकडी ओंडक्यावर तोलून धरण्यास दोन माणसें लागतात. त्यांतला एक असतो दूधवाला. स्वतःचें काम दहा मिनिटांत उरकूनहि तो थांबलेला असतो, कारण अशी गाडी हाताळण्याची संधि वरचेवर येत नाहीं. पाहुणा त्याला किंमत विचारूं देतो आणि पेट्रोल किती लागतें हें सांगण्याचें टाळतो. दूधवाला घाटांतील रस्ता सकाळपासून कसा आहे तें सांगतो. कोठें दगड आले आहेत, कोणत्या वळणावर शेण-चिखल आहे, हें त्याला किलोमीटरच्या दगडासह पाठ असतें. इतक्यांत पंक्चरवाला टायरांतून चिमट्यानें कांहींतरी उपसून काढतो आणि उजेडांत धरतो. बैलाच्या पत्रीचा खिळा असतो तो. दूधवाला तो ओळखतो, पाहुणा चिमटींत घेऊन पाहतो, आणि पंक्चरवाला तो पुन्हा रस्त्यावर न टाकतां डब्यांत टाकतो. त्या डब्यांत तसे मूठभर खिळे आधींच असतात.