लॅपटॉप तापतोय? फळीचा स्टँड आणि एक पंखा

आता बऱ्याच गटांकडे, ग्रामसंघाकडे एखादा लॅपटॉप आलेला आहे. हिशेब, कर्जाचे हप्ते, ऑनलाइन अर्ज, पापड-मसाल्याची बिलं, सगळं त्याच्यावर. आणि एप्रिल उजाडला की तक्रारी सुरू होतात: लॅपटॉप तापतो, घुं घुं करतो, अर्ज भरता भरता अडकतो, कधी आपोआप बंदच पडतो. वर घरातलं कोणीतरी म्हणतं, "तुम्हा बायकांना जमतच नाही ते." जमण्या-न जमण्याचा त्यात काही संबंध नाही हो. पुष्कळदा त्याला वारा मिळत नसतो, एवढंच.

आत काय चालतं ते बघू. लॅपटॉपचं सगळं डोकं म्हणजे प्रोसेसर नावाची छोटी चकती. काम करताना ती तापते. तिची उष्णता एक चपटी तांब्याची नळी ओढून घेते आणि पातळ पत्र्यांच्या बारीक जाळीपर्यंत नेते. तिथं एक लहान पंखा असतो. तो बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या फटींतून हवा आत ओढतो आणि बाजूच्या किंवा मागच्या फटींतून गरम हवा बाहेर फेकतो. आता हाच लॅपटॉप गोधडीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवला तर खालच्या फटी बुजतात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला कामाचा वेग कमी करतो. आपल्याला वाटतं, नेट गेलं. त्यातूनही तापत राहिला तर मशीन बंद होतं, आणि सेव्ह न केलेला हिशेब गेला.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा. लॅपटॉप फरशीवर किंवा पाटावर ठेवा आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन-दोन झाकणं चिकटवा, फटी मोकळ्या सोडून. कधीकधी एवढ्यावरच भागतं. नाही भागलं, तर पंख्याचा स्टँड करू.

फळी घ्या पाऊण इंच जाडीची, १० इंच लांब आणि ६ इंच रुंद. जुन्या खोक्याची चालेल. फळी आडवी ठेवून डाव्या टोकाला खालून ४ इंचांवर खूण करा, उजव्या टोकाला खालून २ इंचांवर. दोन्ही खुणा जोडून तिरका काप घ्या. एकाच कापात अगदी सारखे दोन उतरते तुकडे मिळतात, तुकडा वाया जात नाही. हे झाले स्टँडचे दोन पाय. मागे ४ इंच, पुढे २ इंच.

दोन्ही पाय ११ इंच अंतरावर समोरासमोर उभे करा. त्यांना जोडायला चार पट्ट्या लागतील. एक पुढे, एक मागे. मागची पट्टी खालच्या बाजूलाच ठोका, नाहीतर मागून निघणारी गरम हवा तिच्यावर आपटून परत आत येईल. उरलेल्या दोन पट्ट्या मधे, जमिनीपासून पाऊण इंच वर. या दोन पट्ट्यांवर पंखा बसणार आहे, म्हणून त्यांच्यातलं अंतर पंख्याच्या कोपऱ्यांतल्या भोकांना जुळेल असं ठेवा, पट्टी पात्यांच्या आड येता कामा नये. पायांच्या वरच्या उतरत्या कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. लॅपटॉप घसरत नाही आणि पंख्याची थरथर वर जात नाही. पुढे अर्ध्या इंचाची आडकाठी ठेवली की झालं.

पंखा कोणता? कॉम्प्युटरच्या डब्यात बसतो तो, साधारण पावणेपाच इंचांचा चौकोनी. शक्यतो ५ व्होल्टचा, यूएसबी पिन लावलेलाच विकत घ्या. १२ व्होल्टचा जुना पंखा यूएसबीवर चालवता येतो, पण हळू फिरतो, आणि काही तर सुरूच होत नाहीत. तारा जोडायच्या असतील तर लालला लाल, काळ्याला काळी. पंख्याला पिवळी तार असली तर ती मोकळी सोडून टेप गुंडाळा. यूएसबी वायरमधल्या हिरव्या-पांढऱ्या तारांचंही तसंच. स्वस्त वायरीत रंगांचा भरवसा नसतो, म्हणून हे काम गावातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मीटर लावून करून घेतलेलं बरं. पहिल्यांदा चालवून बघायचा तो मोबाइलच्या जुन्या चार्जरवर. थेट लॅपटॉपला लावून प्रयोग नको. असा पंखा वीज अगदी थोडी खातो, एक-दोन वॅट. लोडशेडिंगमध्ये लॅपटॉपवरच चालवला तरी बॅटरीवर फार भार येत नाही.

आता खरी गोम. पंख्याचा वारा वर गेला पाहिजे. स्टिकर आणि मोटरच्या काड्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने सहसा वारा बाहेर पडतो. कागदाची चिंधी धरून खात्री करा. उलटा बसवला तर आपला पंखा हवा खाली ओढणार आणि आतला पंखा वर ओढणार, दोघांची नुसती झटापट. लॅपटॉप कुठून हवा ओढतो तेही बघा. तो सुरू असताना बारीक दोरा फटीजवळ धरला की दोरा ओढला जातो. बरोबर त्या फटीखाली पंखा आला पाहिजे. खाली फटीच नसतील तर या पंख्याचा फायदा बेताचाच. घरात लहान मूल असेल तर पंख्यावर तारेची जाळी लावाच. डासांची जाळी नको, ती धुळीने आठवड्यात गच्च होते.

एक लक्षात ठेवा. माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं. पंख्याचं तसं नाही. तो खोलीतलीच हवा फेकतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश असतील तर लॅपटॉपलाही तोच वारा. तेव्हा जड काम सकाळी उरका. ओलं फडकं, बर्फाची पिशवी, कूलरचा दमट झोत यांच्या नादी लागू नका. आत पाणी सुटलं की दुरुस्ती महागात पडते.

आणि चूल, पिठाची गिरणी, कांडप यंत्र यांच्यापासून लॅपटॉप लांब. धूर, तेलाचे कण आणि पीठ मिळून आतल्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. मग खालून दहा पंखे लावले तरी हवा आत शिरत नाही. असा लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. पंक्चरच्या दुकानातली हवा मात्र मारू नका, तिच्यात पाणी असतं आणि जोर फार असतो.

शेवटचं, पण घाईचं. लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं, झाकण नीट बसेना, बोट फिरवायची पाटी वर उचलली गेली, तर बॅटरी फुगली आहे. तिथं स्टँड कामाचा नाही. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका, अंथरुणापासून आणि चुलीपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा. अशा वेळी हिशेब काढून घेण्यासाठी तो पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. तो होऊ नये म्हणून दर बैठकीनंतर गटाचा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नाही, गटाच्या पेटीत ठेवा.