नाव मातीचं, राखण सगळ्यांची

आज आपण लाल वाइनबद्दल बोलणार आहोत. हे ऐकून कुणी कपाळाला आठ्या घातल्या असतील, तर त्यात काही चूक नाही. दारूनं घर कसं बसतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. बाटली आडवी करायला गावोगावच्या बायकाच पुढं आल्या. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हाही मोठा वाद झाला. वाइन प्यावी, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हाला सांगायचंय ते वेगळंच. एखाद्या मुलखाच्या नावाला भाव कसा येतो, आणि ते नाव राखतं कोण?

आपल्या महाळुंग्याहून चाकणला आलं की नाशिक रस्ता लागतो. राजगुरुनगर, मंचर मागं पडलं की नारायणगावच्या बाजूला द्राक्षाचे मांडव दिसू लागतात. १९८० च्या दशकात इथंच फ्रान्सच्या तज्ज्ञांची मदत घेऊन फेसाळ वाइनचा कारखाना उभा राहिला. ‘उमर खय्याम’ नावानं ती वाइन परदेशी गेली. पुढं ती कंपनी बंद पडली, पण इथल्या मातीत हे होऊ शकतं, हे दिसलं. त्यानंतर नाशिकनं जोर धरला. १९९७ च्या सुमारास तिथं वाइनच्या द्राक्षाच्या नव्या बागा लागल्या आणि २००० साली त्यांची वाइन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेसाठी वेगळं धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क ठरले.

आता लाल रंग येतो कुठून? काळं द्राक्ष फोडून बघा, आतला गर बहुतेक वेळा पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइनसाठी रस सालीबियांसकट आंबवतात. सालीतून रंग उतरतो आणि तुरटपणाही येतो, जांभळाचा किंवा कोऱ्या चहाचा असतो तसा. खायचं द्राक्ष टपोरं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं. नाशिककडं लावतात ते शिराझ, काबर्ने सोव्हिन्यो हे वाण मूळचे फ्रान्सचेच.

वाण तोच असला तरी हवा बदलली की शेती बदलते. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतं. आपल्याकडं वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळ छाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड. छाटण्या दोन, पीक एक. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. दिवसाचं ऊन आणि हिवाळ्याची गार रात्र तिथल्या द्राक्षाला मानवते. माती, उंची, हवा आणि माणसाचा हात, या सगळ्यांची मिळून मालाला एक चव येते. ती दुसरीकडं जशीच्या तशी उतरत नाही.

ही गोष्ट जगात कुणी सगळ्यात जपली असेल, तर फ्रान्सच्या बर्गंडी मुलखानं. तिथला सगळ्यात नावाजलेला पट्टा दिझाँ शहरापासून दक्षिणेला जेमतेम ६० किलोमीटरचा. चाकण ते नारायणगाव अंतराहून थोडाच जास्त. तिथं लाल वाइनला मुख्यतः एकच वाण, पिनो न्वार. वेल नाजूक, पीक कमी. १३९५ साली तिथला ड्यूक फिलिप यानं गामे नावाचा भरपूर पिकणारा वाण उपटून टाकायचा हुकूम काढला. उत्पन्न वाढेल, पण नाव जाईल, हा हिशेब त्यानं सहाशे वर्षांपूर्वी केला.

तिथं प्रत्येक वावराला नाव आहे. अगदी आपल्याकडं म्हणतो ना, ‘वडाचं वावर’, ‘वरची पट्टी’, तसं. बाटलीवर त्या वावराचं नाव येतं. अशा हजाराहून अधिक वावरांना २०१५ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. वावराची नावं आपल्याकडंही आहेत. तिथल्या लोकांनी ती लिहून ठेवली, एवढाच फरक.

त्यातलं एक वावर, क्लो द वूजो. सुमारे ५० हेक्टरचं. आधी एका मठाचं होतं, आज त्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला तर चारदोन ओळी. १८०४ च्या कायद्यानं तिथं मुलगा-मुलगी दोघांना वारसा सारखा, त्यामुळं बागांचे तुकडे होत गेले. पण नाव फुटलं नाही. ज्याच्या वाट्याला चार ओळी, त्यालाही वावराचं पूर्ण नाव लावता येतं.

आणखी एक गोष्ट. १४४३ साली निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी बोन गावात गरिबांसाठी इस्पितळ काढलं. लोकांनी त्याला द्राक्षबागा दान केल्या. त्या बागांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे आणि पैसा इस्पितळाच्या कामी येतो.

आपल्या देशात नाव राखायला कायदा आहे. भौगोलिक मानांकन, म्हणजेच जी.आय. कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ साली. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षांसाठी, पुढं वाढवता येते. नाशिक व्हॅली वाइन, नाशिकची द्राक्षं, सांगलीचा बेदाणा, लासलगावचा कांदा, पुरंदरचं अंजीर यांना हे मानांकन आहे. हे नाव एका शेठजीचं नसतं, त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. पण मानांकन मिळालं म्हणजे आपोआप सगळ्यांना ते वापरता येतं असं नाही. प्रत्येक उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपली नोंद करावी लागते.

इथंच आपला मुद्दा येतो. द्राक्षाची विरळणी, डिपिंग, तोडणी, पॅकिंग यांत बायकांचे हात असतात. पण नोंद कुणाच्या नावावर? महाळुंग्यात आता वावरांच्या जागी कारखाने आहेत आणि उरलेल्या गुंठ्याला सोन्याचा भाव आहे. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत भावाइतका हक्क दिला. तरी ‘तुकडा केवढासा, घेऊन काय करणार’ म्हणत हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. क्लो द वूजोच्या चार ओळीवाल्याला कुणी असं म्हणून बघावं!

तर गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. आपापल्या वावरांची जुनी नावं वयस्कर बायकांना विचारून वहीत उतरवा. ज्या मालाच्या नावावर आपला गट विकतो, त्या नावाची नोंद आहे का आणि आपण त्यात आहोत का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि सातबारावर आपलं नाव आहे का, ते तलाठ्याकडून उतारा काढून डोळ्यांनी बघा. वाचल्याशिवाय सही नाही, हे मात्र पक्कं ठरवा.