गडग्यावरची सदाफुली

रत्नागिरीहून एका वाचकबाईंनी विचारलं आहे, "आमच्या गडग्याच्या फटीत सदाफुली आपोआप उगवते आणि वैशाखातही फुललेली असते. तीच रोपं उपटून कुंडीत लावली, रोज पाणी घातलं, तर पावसाळ्यात मान टाकतात. असं का?"

उत्तर प्रश्नातच आहे. रोज पाणी घातलं, म्हणून.

सदाफुली मूळची मादागास्करची. किनाऱ्याची वाळू, खडकाळ उतार, जिथे पाणी आलं तसं निघून जातं, तिथली. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, मग सात-आठ महिने जांभा नुसता तापतो. गडग्यातल्या चिऱ्यांच्या फटीत एवढा पाऊसही थांबत नाही, मुळांना हवा मिळत राहते. कुंडीत मात्र माती थबथबून जाते आणि पिथियम, फायटॉप्थोरा हे बुरशीसारखे सूक्ष्मजीव मूळ-खोड कुजवतात. सुपारीवाल्यांना फायटॉप्थोराची वेगळी ओळख करून द्यायला नको, त्यांचा कोळेरोग याच घराण्यातला. सदाफुली उन्हाने मरते त्याहून कितीतरी जास्त वेळा लाडाने मरते.

उन्हाळ्यात तिला तारणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे पानावरची मेणाची चकाकी. हा पातळ थर पानातलं पाणी सहजी उडू देत नाही. तेवढं तर बऱ्याच झाडांत असतं. पण 2010 मध्ये कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात विन्सेंझो डी लुका यांच्या गटाला या मेणात एक विलक्षण गोष्ट सापडली. सदाफुलीतलं कॅथरॅन्थीन हे अल्कलॉइड जवळजवळ सगळं या पृष्ठभागावरच्या मेणात असतं, तर व्हिंडोलीन हे दुसरं अल्कलॉइड पानाच्या आत, पेशींमध्ये. ही दोन जोडली गेली की व्हिनब्लास्टीन बनतं, कर्करोगावरचं प्रसिद्ध औषध. पानाच्या डब्यात कात आणि चुना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतात, रंग चढतो तो एकत्र आल्यावर. सदाफुलीनेही कप्पे वेगळे ठेवलेत. म्हणून तर एक ग्रॅम व्हिनब्लास्टीनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. आणि मेणातलं ते कॅथरॅन्थीन तिथे उगाच नाही. ते किडींना विषारी आहे, बुरशीच्या बीजाणूंनाही वाढू देत नाही. भातकापणीनंतर मोकाट सुटलेली गुरं सगळं फस्त करतात, पण सदाफुलीला तोंड लावत नाहीत, तेही तिच्या कडू, विषारी अल्कलॉइडांमुळे.

औषधाचा शोध कसा लागला ती गोष्ट मला फार आवडते. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग इन्शुलिनच्या कामाला लागले, तेव्हा मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी जायचं हे नाणं उडवून ठरलं, असं सांगतात. बेस्ट जिंकले, पुढे थांबलेही, आणि इतिहासात गेले. नोबल मागे राहिले. 1952 मध्ये त्याच क्लार्क नोबल यांना जमैकातल्या एका डॉक्टरांकडून पाकीट आलं. आत सदाफुलीची पंचवीस पानं. तिकडे मधुमेहावर या पानांचा काढा पितात, काही तथ्य आहे का बघा, अशी विनंती. क्लार्क तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी पाकीट वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातल्या आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिलं.

काढा प्राण्यांना पाजून रक्तातली साखर ढिम्म हलली नाही. मग अर्क टोचला, तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याचाच तर रोग ल्यूकेमिया! चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने चिकाटीने पांढऱ्या पेशी घटवणारा तो घटक, म्हणजेच व्हिनब्लास्टीन, वेगळा केला आणि 1958 मध्ये काम जाहीर झालं. एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा स्वतंत्रपणे याच झाडामागे होते. तिथून आलेल्या व्हिनक्रिस्टीन या सदाफुलीतल्याच दुसऱ्या औषधाला 1963 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि लहान मुलांच्या ल्यूकेमियावरच्या उपचारात ते आजही आहे. पाकीट टाकून न देणाऱ्या क्लार्क नोबल यांचं नाव मात्र या गोष्टीत क्वचितच घेतलं जातं.

म्हणून मोबाइलवर फिरणारा 'रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावा, साखर आणि कॅन्सर दोन्ही जातील' हा सल्ला वाचला की मला काळजी वाटते. साखरेसाठी पाजलेला काढा त्याच प्रयोगशाळेत फोल ठरला होता. कर्करोगाचं औषध शिरेतून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात, आणि तरीही रक्तपेशींवर सतत लक्ष ठेवावं लागतं. चार पानांत किती काय आहे हे कोणी मोजलेलं नसतं. कृपा करून चावू नका.

आता ती आपोआप कशी पसरते. साधारणपणे सदाफुलीच्या फुलात परागकोश वर आणि पराग स्वीकारणारी कडा खाली असते, त्यामुळे फुलपाखराची सोंड लागते. पण बंगळूरच्या 'सीमॅप' या औषधी वनस्पतींच्या संशोधन केंद्रात आर. एन. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी काही वाण असे दाखवले, की फूल उमलल्यावरही स्त्रीकेसर वाढत राहतो आणि स्वतःच परागकोशांपर्यंत पोहोचतो. असं एकटं रोपही बी धरतं. जोडीने येणाऱ्या बारीक शेंगा उकलतात, काळं बी चिऱ्यांच्या फटीत पडतं. या बियांना रुजताना उजेड नको असतो, अंधार हवा. गडग्याहून चांगली जागा कुठली?

तेव्हा बाई, रोप उपटू नका, मूळ तुटतं. शेंगा पिवळट झाल्या की उकलण्याआधी काढा, बी कुंडीत पेरून वर बोटाच्या पेराच्या निम्म्याहून कमी माती पसरा. मातीत निम्मी वाळू नि चिऱ्याचा चुरा घाला. कुंडी पागोळ्यांखाली येणार नाही अशी ठेवा. माती पुरती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. आणि थोडं बी गडग्यातच राहू द्या.