माळावरची उन्हाळी

परभणीजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर जांभळ्या फुलांचे एक हातभर झुडूप उगवते. त्याला आपण 'उन्हाळी' म्हणतो, संस्कृतात शरपुंखा. तिची पर्णिका टोकाला धरून ओढली, तर बाणाच्या पिसाऱ्यासारखी तिरपी तुटते; म्हणून हे नाव. वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातील ही वनस्पती. खोल मुळांमुळे मुरमाडातच काय, राजस्थानच्या वाळवंटातही ती तग धरते. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. मी मात्र दरवर्षी तिला तण समजून उपटीत व पेटवीत असे. जाळल्याने बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. राख तेवढी उरते. आता फुलोऱ्याच्या सुमारास कापून मातीत गाडतो. मित्रहो, बांध साफ करताना काडी ओढण्यापूर्वी एवढे आठवावे.