ठिपका अचूक, पण भरवशाचा?

नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्याच्या शिवारात, पपईच्या बागेत उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडला की निळा ठिपका आणि त्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं. आपण त्या वर्तुळाच्या आत नक्की आहोत, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. अँड्रॉइडमध्ये या अचूकतेच्या अंतराची व्याख्याच अशी, की खरी जागा त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. तीनातून एकदा माणूस वर्तुळाबाहेर असू शकतो, तरीही फोन बिघडलेला नसतो.

फोनला हे चालतं. उतरणाऱ्या विमानाला चालत नाही. चूक अमुक अंतरापलीकडे गेली तर यंत्राने ती स्वतः ओळखून वेळेत सांगावी, ही तिथली अट. अचूकता ही एक गोष्ट आणि ही खात्री ही दुसरी, हे फारसं कोणी सांगत नाही.

‘चार उपग्रह मिळाले की काम झालं’ हा समज सगळ्यांत पक्का बसलेला. चार पुरतात ते उत्तर काढायला: जागेचे तीन आकडे आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक, अशा चार अज्ञात गोष्टी. पण चारांतला एक उपग्रह खोटं सांगत असला, तरी गणित सुटतंच आणि चुकीचं उत्तर तितक्याच ठामपणे पडद्यावर येतं. बांधाच्या वादात जितके साक्षीदार लागतात नेमके तितकेच हजर असावेत, मग कोण खोटा हे ठरवायचं कसं? पाचवा उपग्रह आला की विसंगती उघडी पडते. सहावा असेल तर कोण चुकतोय हेही कळतं आणि त्याला वगळता येतं. विमानातल्या रिसीव्हरच्या या स्वयंतपासणीला ‘रेम’ म्हणतात.

रेम आणखी एक काम करते. न सापडलेली चूक जास्तीत जास्त किती असू शकेल, याची मर्यादा ती सतत काढत राहते. ती मर्यादा ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की इशारा येतो. त्या क्षणी दिसणारी जागा अगदी बरोबर असली तरीही. ही हद्द मार्गावर २ सागरी मैल आणि साध्या उपग्रहाधारित अवतरणात ०.३ सागरी मैल, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर असते. आकडे मोठे वाटतात, कारण इथे प्रश्न बारकाव्याचा नसून हमीचा आहे.

‘उपग्रह कुठे चुकतात?’ चुकतात. १ जानेवारी २००४ रोजी जीपीएसच्या एसव्हीएन-२३ या उपग्रहाचं घड्याळ भरकटलं. तो सदोष असल्याचं जाहीर व्हायला जवळपास तीन तास लागले, आणि तोवर त्याच्यापासून मोजलेल्या अंतरातली चूक अडीचशे किलोमीटरच्या पुढे गेली होती. हाच उपग्रह जानेवारी २०१६मध्ये सेवेतून काढताना जीपीएसच्या वेळेच्या माहितीत १३.७ मायक्रोसेकंदांची चूक शिरली. जागा बिघडल्या नाहीत, पण अचूक वेळेवर अवलंबून असलेल्या दूरसंचार यंत्रणांमध्ये धोक्याच्या सूचना वाजू लागल्या. आपल्या नाविक प्रणालीतल्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहाची तर तिन्ही अणुघड्याळं बंद पडली.

भारतात आणखी एक अडचण आकाशातच आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, वातावरणाच्या उंच थरात म्हणजे आयनांबरात विद्युतभारित कणांचे दाट पट्टे तयार होतात. उत्तरेकडचा पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असतो, आणि नंदुरबार जिल्हा त्याच्या जवळच. इथे एकाच वेळी अनेक उपग्रहांचे संकेत रेंगाळतात. एकच उपग्रह चुकतोय असं गृहीत धरणारी साधी रेम अशा वेळी कमी पडते. म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ उभारलं: देशभरातली १५ संदर्भ केंद्रं संकेत तपासतात, आणि दुरुस्ती व इशारा भूस्थिर उपग्रहांमार्फत काही सेकंदांत विमानापर्यंत पोहोचतो. एप्रिल २०१५मध्ये त्याला उभ्या दिशेच्या मार्गदर्शनासह अवतरणासाठी मान्यता मिळाली. एप्रिल २०२२मध्ये इंडिगोचं एटीआर विमान गगनच्या आधारे राजस्थानातल्या किशनगडला उतरलं, आणि २०२३मध्ये जुहू-पुणे मार्गावर हेलिकॉप्टरने याच पद्धतीचं प्रात्यक्षिक केलं.

‘अशी तपासणी असली की फसवणूक अशक्य’ हा समज मात्र धोकादायक आहे. कोणी सगळ्याच उपग्रहांचे एकमेकांशी जुळणारे बनावट संकेत पाठवले, तर तपासणीला विसंगतीच दिसत नाही. दिल्लीजवळ विमानांना असे बनावट संकेत मिळाल्याचं सरकारने डिसेंबर २०२५मध्ये संसदेत मान्य केलं. संकेतांतल्या अडथळ्याच्या तक्रारी आलेल्या शहरांत मुंबईचंही नाव होतं. जमिनीवरची जुनी दिशादर्शक यंत्रणा म्हणूनच मोडीत काढता येत नाही.

लोणखेड्याच्या शेतकऱ्याचा या साऱ्याशी संबंध येतो तो मोजणीच्या दिवशी. भूमी अभिलेख विभागाचा रोव्हर, म्हणजे मोजणीचा फिरता रिसीव्हर, कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. पडद्यावर ‘फिक्स’ आलं की आकडा पक्का, असं मानलं जातं. पण झाडाखाली किंवा भिंतीलगत परावर्तित संकेतांमुळे चुकीचा फिक्सही लागतो. त्यावरचा उपाय साधा आहे: आधी माहितीच्या खुणेवर रोव्हर ठेवून पाहायचा, आणि हद्दीचा बिंदू काही वेळाने पुन्हा नव्याने घ्यायचा. शेजाऱ्यांनी हे दुसरं वाचन हक्काने मागावं.

उत्तरेला सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्यांमध्ये, डोंगरच निम्मं आकाश झाकतो आणि उपग्रह तिथे मोजकेच दिसतात. मग तिथल्या वनजमिनीच्या दाव्यांत यंत्राच्या आकड्यावर किती विसंबायचं? वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२मध्ये झालेली दुरुस्ती या बाबतीत स्पष्ट आहे: उपग्रह प्रतिमा आणि इतर तंत्रज्ञान दावेदाराच्या पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही त्या पुराव्यांत मोडतो.